मास्तरांनी मला कोट शिवला

मी एक जुना मिक्सर आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मला हळू बोलता येत नाही. बटण फिरवलं की मी असा गळा काढतो की चार घरांत ऐकू जातं. कुणी कपाळाला आठ्या घालतं, कुणी कानांवर हात ठेवतं. ठेवू देत! मित्रांनो, माझ्या आवाजाची मला कधी लाज वाटली नाही. लाज वाटली ती एकदाच, जेव्हा ओरडायची वेळ होती आणि माझ्या तोंडून ब्रही निघाला नाही. तीच गोष्ट सांगायला बसलो आहे. पण आत्मवृत्त म्हटलं की जन्मापासून सुरुवात करावी लागते, तेव्हा जरा धीर धरा.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या एका टोकाला बसलेल्या बाईने माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळली. पुढच्याने पाती बसवली, त्याच्या पुढच्याने पांढरं अंग चढवलं आणि खाली रबराचे चार पाय लावले. शेवटी एक जाड चष्म्याचा माणूस होता. त्याचं काम एकच, प्रत्येक मिक्सर सुरू करायचा आणि त्याचा आवाज ऐकायचा. मला सुरू केलं आणि तो दचकून मागेच सरकला.

"अरे बाप रे, हा तर बोंबल्या निघाला!"

"मग काढ बाजूला," शेजारचा म्हणाला.

चष्मेवाल्याने माझ्या पाठीवर हात ठेवून पाहिलं. "राहू दे. आवाज मोठा आहे, पण अंगात थरथर नाही. हा टिकणार." जन्मल्या जन्मल्या कुणी इतकं चांगलं बोललं, तर ते विसरता येतं का?

दुकानात मात्र मी बरेच दिवस फळीवर पडून होतो. येणारा प्रत्येक जण "कमी आवाजाचा दाखवा" म्हणायचा. मला एकदा सुरू केलं की गिऱ्हाईक पुढच्या मिक्सरकडे वळायचं. मग एके दिवशी एक बाई आल्या. त्यांच्या मागे हातात पिशवी घेऊन एक बारकेसे गृहस्थ उभे होते. ते शिंपी होते, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. दुकानदाराने मला सुरू केलं. मास्तर पुटपुटले, "आवाज जरा जास्तच वाटतो, नाही?"

"अहो, घरात एक जण हळू बोलणारा आहे, तेवढा पुरे," बाई म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. "हाच द्या. माझ्या तोडीस तोड आहे."

अशा रीतीने मी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात आलो. बाहेरच्या खोलीत मास्तरांचं शिलाई मशीन, आतल्या खोलीत ओट्यावर मी. मशीन आपलं गुमान टकटक करायचं आणि मी बोंबलायचो. मालकीणबाईंची एक खोड होती. माझं बटण फिरवलं की नेमकं त्यांना काहीतरी सांगायला आठवायचं. मग त्या माझ्यावरून आवाज चढवायच्या आणि मास्तर बाहेरून "काय? काय म्हणालीस?" विचारत आत यायचे. त्यांची लेक कानांत बोटं घालून म्हणायची, "तुमच्या तिघांत मी वेडी होणार!" तिघांत, हं. त्या घरात मला धरून मोजणी होती.

काय काय नाही केलं मी! लसूण वाटला, टोमॅटो गरगरवले, लेकीच्या परीक्षेच्या दिवसांत तिच्यासाठी दूध-केळं घुसळलं. माझं झाकण हरवलं तेव्हा मालकीणबाईंनी सगळं घर डोक्यावर घेतलं होतं. मित्रांनो, राबणाऱ्याला दमल्याचं दुःख नसतं. मला तरी कधी झालं नाही.

मग लेक नोकरीसाठी दूर गेली आणि तिकडेच तिचा संसार झाला. पुढे मालकीणबाई आजारी पडल्या, आणि एके दिवशी त्या दवाखान्यातून परत आल्याच नाहीत. मास्तरांनी मला ओल्या फडक्याने पुसलं, वायर नीट गुंडाळली, खोक्यात घातलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. रागाने नाही. एकट्या माणसाला वाटायचं तरी काय असतं, एवढंच त्यांना वाटलं असणार.

माळ्यावर किती वर्षं गेली ते मला माहीत नाही. खोक्याच्या आत सकाळ आणि संध्याकाळ सारखीच असते. सुरुवातीला खालून शिलाई मशीनचा आवाज यायचा, तेवढाच काय तो सोबतीला. मग तो कमी कमी होत गेला. लोक तयार कपडे घ्यायला लागले, मास्तरांचे गुडघेही दुखायला लागले, आणि मशीन थांबलं. नंतर कधी नळाचा आवाज, कधी दूध तापल्याचा, बस. माणसाचा आवाज म्हणाल तर संध्याकाळी लेकीचा फोन यायचा तेव्हा. "हो. जेवलो. मजेत आहे." एवढी तीन उत्तरं ऐकून मी पाठ केली होती. मला फार एकटं वाटायचं, आणि खाली मास्तरांनाही तसंच वाटत असणार हे मला कळायचं. पण मी पडलो खोक्यात.

एके दिवशी खोकं हललं. माळ्यावरून मला खाली काढणारी लेक होती. ती धावतपळत आली होती, कारण मास्तरांना बाजारात चक्कर आली होती. डॉक्टर म्हणाले होते, अंगात रक्त कमी आहे. गोळ्या दिल्या आणि भरपूर पालेभाज्या खा म्हणाले. आता पंचाईत अशी की मास्तरांचे दात एव्हाना रजा घेऊन गेले होते. कवळी बोचायची. ते दुधात पाव बुडवून खायचे आणि त्यालाच जेवण म्हणायचे.

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना?" लेकीने माझ्यावरची धूळ झटकत विचारलं. "तुम्ही एकटे राहता. चक्कर येऊन घरात पडलात तर कुणाला कळणार आहे?"

मास्तर हसले. "कळेल गं कुणालातरी."

कुणाला कळणार होतं? या घरात आता बोलायलाच कुणी नव्हतं.

लेकीने त्यांना स्मूदी करायला शिकवली. स्मूदी हा शब्द मास्तरांच्या जिभेवर काही बसला नाही. ते तिला 'ते हिरवं' म्हणायचे. पालकाची पानं, एक केळं, अर्धं सफरचंद, थोडी काकडी, आल्याचा तुकडा आणि वरून लिंबू. ऐकायला सोपं वाटतं ना? लेक परत गेली आणि मास्तरांनी पहिल्यांदा एकट्याने केली, तेव्हा त्यांनी पालकाची आख्खी जुडी देठांसकट माझ्या भांड्यात कोंबली. पाण्याचा थेंब नाही. माझी पाती खाली गरगर फिरतात आणि पालक वर आरामात बसलेला! लेक फोनच्या पडद्यावरून ओरडत होती, "बाबा, आधी पाणी! पाणी घाला!" मास्तरांनी लगबगीने पाणी घालायला झाकण काढलं, पण मला बंद करायचं राहूनच गेलं. पुढचं काय सांगू? छत हिरवं, भिंत हिरवी, मास्तरांचा चष्मा हिरवा. लेक तिकडे हसून हसून लोटपोट झाली आणि मास्तरही हसले. त्या घरात हसण्याचा आवाज मी किती काळाने ऐकला!

मग मात्र त्यांचा हात बसला. शेवटी शिंपीच ते. पालक धुऊन पंच्यावर पसरायचे, आणि कापड बेततात तसा आपल्या मोठ्या कात्रीने देठ बाजूला काढून पानं कापायचे. आधी पाणी आणि पालक, तो चांगला बारीक झाला की मग केळं, सफरचंद, काकडी आणि आलं. लिंबू सगळ्यात शेवटी, मला बंद केल्यावर. पहिल्या दिवशी त्यांनी नाक धरून घोट घेतला आणि असं काही तोंड केलं की मलाच वाईट वाटलं. पण हळूहळू ते हिरवं त्यांना मानवलं. चेहऱ्यावर तजेला आला. जिन्यावरून भाजीची पिशवी घेऊन ते न थांबता वर येऊ लागले. आणि मी? मी रोज सकाळी छाती फुगवून बोंबलत होतो.

एका सकाळी खालून फरशीवर धपाधप आवाज आला. कुणीतरी झाडूच्या दांड्याने ठोकत होतं. मास्तरांना काही उमगलं नाही. थोड्या वेळाने दाराची बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सिस्टर उभ्या होत्या. त्या एका इस्पितळात नर्स होत्या आणि रात्रपाळी करून सकाळी घरी यायच्या. केस विस्कटलेले, डोळे तांबडे.

"काका, रोज सकाळी हा कसला कारखाना चालवता तुम्ही? रात्रभर उभी असते मी. आत्ता कुठे डोळा लागतो आणि तुमचं सुरू होतं!"

मास्तर फार ओशाळले. "चुकलं, सिस्टर. माझ्या लक्षातच आलं नाही. पुन्हा नाही होणार," ते कसेबसे म्हणाले. सिस्टरचा राग तेवढ्याने निवळला. "करा हो, पण जरा हळू," म्हणून त्या गेल्या. खरं तर त्या दुपारनंतर उठायच्या. मास्तरांनी संध्याकाळी ते हिरवं केलं असतं तरी चाललं असतं. पण लेकीने सकाळी रिकाम्या पोटी घ्या म्हटलं होतं, आणि मास्तर कुणाचाच शब्द मोडायचे नाहीत. त्यांनी दोघींचंही ऐकायचं ठरवलं.

त्यांनी फीत काढली आणि माझं माप घेतलं. खरंच सांगतो, थट्टा नाही! उंची, घेर, मान. "कंबर काही नाही बुवा तुला," असं मला म्हणाले. किती वर्षांनी कुणीतरी माझ्याशी बोललं होतं. मग शिलाई मशीनवरचं फडकं निघालं, मशीनला तेल मिळालं, आणि मास्तरांनी मला कोट शिवला. बाहेरून कुणाच्यातरी सुटाचं उरलेलं राखाडी कापड, आत कापसाचा जाड थर, त्याला मऊ अस्तर. मागे बटणं. वायरीसाठी एक काज, फिरवायच्या बटणासाठी दुसरं. खाली ओट्याला आवाज जाऊ नये म्हणून कापसाची गादीसुद्धा. टाका म्हणाल तर एक वाकडा नव्हता.

कोट अंगावर चढला तेव्हा मी हरखून गेलो. मिक्सरच्या जातीत कोट कुणाला मिळतो? पण सुरू झालो आणि माझा मलाच आवाज येईना. वर, खाली, चहूबाजूंनी कापूस. गरम हवा बाहेर टाकायला माझ्या बुडाशी खाचा आहेत, त्याच मास्तरांनी बंद करून टाकल्या होत्या. कपडा अंगाबरोबर बसला पाहिजे हे त्यांना ठाऊक होतं. मिक्सरला श्वास लागतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मी तापायचो आणि मध्येच बंद पडायचो. मास्तर खालचं लाल बटण दाबून मला पुन्हा सुरू करायचे. "दमलास का रे?" विचारायचे. पण कोट काढायचे नाहीत. एकदा जिन्यात सिस्टर भेटल्या आणि म्हणाल्या, "काका, आता काही म्हणजे काही ऐकू येत नाही हं. छान झोप लागते." घरी येऊन मास्तरांनी ते मला सांगितलं. त्यांना किती आनंद झाला होता! मग तर त्यांना छंदच जडला. खुर्चीच्या पायांना कापडी मोजे शिवले. स्वतःसाठी मऊ तळव्याच्या सपाता शिवल्या. रेडिओ कानाला लावून ऐकू लागले. आपल्यामुळे कुणाला त्रास नको, एवढंच त्यांच्या मनात. बघता बघता त्या घरात माणूस राहतो हे भिंतीपलीकडे कळेनासं झालं.

आणि एके दिवशी माझ्या पोटातली तार जळाली. जळका वास सुटला. मास्तरांनी लाल बटण दाबलं, पुन्हा दाबलं, कोट काढून मला थापटलं. मी मेल्यासारखा पडलो होतो. दुरुस्तीचं दुकान लांब, मी वजनदार. "गुडघा जरा बरा झाला की नेतो तुला," मास्तर म्हणाले आणि त्यांनी कोट मला पुन्हा चढवला. लेकीला त्यांनी काही सांगितलं नाही. तिला उगाच काळजी नको. ती विचारायची, "हिरवं घेता ना?" आणि ते म्हणायचे, "हो. मजेत आहे." पुन्हा दूध आणि पाव सुरू झाला. चेहऱ्यावरचा तजेला गेला. उठताना ते ओट्याला धरू लागले. मी सगळं बघत होतो, मित्रांनो, आणि करत काहीच नव्हतो.

मग ती सकाळ आली. मास्तर दुधाचा ग्लास घेऊन वळले, त्यांनी ओट्याकडे हात नेला आणि तो पोहोचला नाही. ते पडले. ग्लास घरंगळत गेला. पाय विचित्र वाकला होता, त्यांना उठता येईना. फोन बाहेरच्या खोलीत होता.

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडायलाच हवं होतं. मास्तरांनी मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि हळूच स्वतःशी म्हणाले, "आत्ताच डोळा लागला असेल पोरीचा. उठू दे तिला."

अहो मास्तर! मी आतून जळत होतो. ओरडा की! तिची झोप गेली खड्ड्यात! एक फेरा, फक्त एक फेरा फिरता आलं असतं तर मी सगळी इमारत गोळा केली असती. पण माझी तार जळालेली, आणि वर तो कोट. सकाळ गेली. ऊन ओट्यावर आलं आणि निघूनही गेलं. मास्तरांचे ओठ सुकले. बाहेर फोन वाजला तेव्हा ते म्हणाले, "आलो, आलो," आणि फोन थांबल्यावर त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं.

चांगली दुपार कलल्यावर त्यांनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. मग हात लांबवून तो पडलेला ग्लास ओढला आणि त्याच्या बुडाने फरशीवर टकटक केलं. तेही कसं, एखाद्याच्या दारावर वाजवावं तसं, सभ्यपणे. थांबले. पुन्हा केलं.

खाली सिस्टर चहा करत होत्या, हे मला नंतर कळलं. पहिल्यांदा त्यांनी लक्ष दिलं नाही. दुसऱ्यांदा त्यांनी गॅस बंद केला. त्या वर आल्या, बेल वाजवली, हाका मारल्या. तळमजल्यावरच्या सुताराला बोलावून कडी तोडली.

"केव्हा पडलात?" नाडी बघत त्यांनी विचारलं.

"सकाळी."

"सकाळी? आणि तुम्ही आवाज नाही दिलात?"

"तुम्ही झोपला होतात ना, सिस्टर."

सिस्टरना रडू कोसळलं. "मला वाटलं तुम्ही लेकीकडे गेलात," त्या म्हणत राहिल्या. "इतके दिवस वरून काही आवाज नाही, मला वाटलं घर बंद आहे. आणि मी सुखाने झोपत होते, काका. सुखाने झोपत होते!"

"अहो, ते बरंच झालं की," मास्तर म्हणाले.

मास्तरांना इस्पितळात नेलं. मी बंद घरात एकटाच राहिलो, अंगावर कोट तसाच. पायाचं हाड जुळायला फार दिवस लागले. त्या दिवसांत एकदा सिस्टर आल्या, त्यांनी माझी बटणं काढली, कोट उतरवला आणि माझ्या बुडाशी जळलेल्या खाचा बघितल्या. मग मला काखेत मारून त्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेल्या. पोटात नवी तार भरली गेली.

लेक मास्तरांना कायमचं आपल्याकडे न्यायला आली होती. मास्तर म्हणाले, "थोडे दिवस बघू दे मला." ती थांबली, मग तिला परत जावं लागलं. मास्तर काठी घेऊन पुन्हा माझ्यापुढे उभे राहिले. पालक कापला, पाणी घातलं आणि सवयीने कोटाकडे हात गेला.

दारात सिस्टर उभ्या होत्या. नुकत्याच पाळीवरून आलेल्या, डोळे तसेच तांबडे.

"ते राहू दे, काका."

"झोप मोडेल तुमची."

"हा वाजेपर्यंत मी झोपणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "वाजला की झोपेन. आणि ज्या दिवशी वाजणार नाही, त्या दिवशी मी वर येणार. समजलं?"

मास्तरांनी बटण फिरवलं. पहिल्यांदा ते दचकले आणि त्यांनी जिन्याकडे पाहिलं, कुणी रागावतं का ते बघायला. कुणी रागावलं नाही. त्यांचं घर अजून एकट्याचंच आहे. दिवसभर तिथे कुणी बोलत नाही, संध्याकाळी फोनवर तीच तीन उत्तरं असतात. माझ्या आवाजाने माणसाची उणीव भरून निघत नाही, ते मला कळतं. मी फक्त एवढंच सांगतो की मास्तर उठले आहेत.

मित्रांनो, आम्हा यंत्रांच्या खाचा मोकळ्या ठेवा, आम्हाला पुसा, वेळेवर दुरुस्त करा, हे तर मी सांगणारच. पण तुमच्याही इमारतीत एखादं घर असेल, जिथून कधीच आवाज येत नाही. 'किती शांत माणसं आहेत' म्हणून त्यांचं कौतुक करू नका. वर जा आणि बेल वाजवा. दार उघडायला त्यांना वेळ लागतो. तेवढं थांबा.